राजेरजवाडे, शेठसावकार आणि काचेची निगेटिव्ह: जुन्या फोटोंबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुने फोटो जमवायचा नाद लागला की लोक हळूहळू आपापल्या घरातले फोटो घेऊन येऊ लागतात. कुणाचे पणजोबा इनामदार असतात, कुणाच्या आजोळी सरदारांचा वाडा असतो, तर कुणाला जुन्या बाजारात एखाद्या महाराजांचं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं चित्र मिळालेलं असतं. प्रश्न मात्र बरेचसे तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. काळ साधारण १८४० ते १९१०, आणि विषय त्या काळी ज्यांना फोटो परवडत होता त्यांचा.

कॅमेरा आपल्याकडे कधी आला?

लवकरच आला. पॅरिसमध्ये लुई दागेरची फोटो काढण्याची पद्धत १८३९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर फार काळ न जाता कलकत्ता-मुंबईच्या बंदरांत ही सामग्री उतरू लागली. सुरुवातीला हा खेळ कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा होता. जॉन मॅककॉश नावाचा बंगाल लष्करातला एक शल्यचिकित्सक दुसऱ्या शीख युद्धाच्या वेळी, म्हणजे १८४८-४९ मध्ये, पंजाबात कॅमेरा घेऊन फिरत होता. त्याने लाहोरला लहानग्या महाराजा दुलीपसिंगाचा फोटो घेतला. राज्य जाण्याच्या उंबरठ्यावर असलेलं दहा वर्षांचं पोर. भारतीय राजघराण्यांच्या अगदी आरंभीच्या फोटोंत याची गणना होते, आणि पुढच्या साठ वर्षांत जे होणार होतं त्याची सगळी लक्षणं त्यात आधीच आहेत: अंगावर दागिने राजाचे, कॅमेरा दुसऱ्याचा.

मुंबईत फोटो काढणारे सगळे इंग्रजच होते का?

नाही, आणि हे मराठी वाचकांना सांगितलंच पाहिजे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रासच्या संस्था त्यानंतर दोन वर्षांनी, १८५६ मध्ये आल्या. मुंबईच्या संस्थेत सुरुवातीपासून एतद्देशीय सभासद होते. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांतलं सर्वांत ठळक नाव. मूळचे गोव्यातल्या पेडणे महालातले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे, शिलालेख वाचणारे, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, आणि या सगळ्यातून वेळ काढून कॅमेऱ्यातही लक्ष घालणारे. पण घरातला खरा फोटोग्राफर त्यांचा धाकटा भाऊ, डॉ. नारायण दाजी. तेही ग्रँट मेडिकलचेच. त्यांनी काढलेले फोटो संस्थेच्या प्रदर्शनांत मांडले जात आणि ते संस्थेच्या कार्यकारिणीवरही होते. थोरल्या भावाच्या नावाचं म्युझियम भायखळ्याला आहे. धाकट्याचं नाव फोटोच्या अभ्यासकांपलीकडे कुणाला आठवत नाही.

आणखी एक नाव हरिश्चंद्र चिंतामण यांचं. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, तिथे ते शिकले आणि पुढे मुंबईच्या कोट भागात रँपार्ट रोवर त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. व्यवसाय म्हणून फोटो काढणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांना धरतात. १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे फोटो गेले होते. म्हणजे १८६० च्या दशकात एखाद्या संस्थानिकाला किंवा शेठजीला मुंबईत फोटो काढून घ्यायचा असेल तर त्याला गोऱ्या माणसाच्या दारात जायलाच पाहिजे, असं नव्हतं.

पारशांबद्दल थोडक्यात: जहाजबांधणीतले अर्देशर कर्सेटजी वाडिया यांनी मुंबईत गॅसचे दिवे पहिल्यांदा आपल्या माझगावच्या बंगल्यात लावले, आणि शिवणयंत्राबरोबर फोटोग्राफी या शहरात आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. नवं यंत्र आलं की पारशी शेठांच्या घरी ते आधी पोचायचं.

तेव्हा फोटो काढायचा म्हणजे नेमकं काय करावं लागे?

आज आपण ज्याला 'क्लिक करणं' म्हणतो त्यात काचेचा, रसायनांचा आणि घामाचा भाग नव्वद टक्के होता असं समजा.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत काढली आणि पुढची तीस वर्षं तिचंच राज्य होतं. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा. काच हातात चारही कोपऱ्यांकडे कलती करून तो सारखा पसरवायचा, डोशाच्या तव्यावर पीठ फिरवावं तसा, फक्त पळी न लावता. मग अंधाऱ्या खोलीत ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच परत अंधारात नेऊन धुवायची. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं मिळत. काच वाळली की संपलं.

आता हे इंग्लंडच्या गारव्यात ठीक. कोलोडियनमध्ये ईथर असतं आणि ते उडून जातं. वैशाखातल्या हैदराबादला किंवा इंदूरला ते किती वेळ टिकणार? शिवाय पाणी स्वच्छ हवं, धूळ नको. त्यामुळे फोटोग्राफर दौऱ्यावर निघाला की त्याच्यामागे तंबू, पेट्या, काचा आणि बाटल्या वाहणाऱ्या हमालांची रांग असे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज फोटोग्राफर हिमालयात गेला तेव्हा त्याच्याबरोबर अशीच पलटण होती.

निगेटिव्ह झाली तरी काम संपत नसे. अंड्याचा पांढरा बलक लावलेला कागद, ज्याला अल्ब्युमेन पेपर म्हणतात, त्यावर काच ठेवून उन्हात छपाई व्हायची. निगेटिव्ह मोठी करून छापण्याची सोय सहसा नव्हती, म्हणून जेवढी काच तेवढाच फोटो. एखाद्या दरबाराचा हातभर रुंदीचा जुना फोटो बघाल तेव्हा लक्षात घ्या की कॅमेऱ्यात तेवढीच मोठी काच बसवलेली होती. आणि हो, महाराजांची ती भारदस्त छबी अंड्याच्या बलकावर उमटलेली आहे. सोवळं पाळणाऱ्या मंडळींना हे कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे.

फोटोत सगळे इतके गंभीर का दिसतात? कुणी हसतच नाही.

काही सेकंद हलायचं नाही अशी सक्ती होती. मानेमागे लोखंडी टेकू लावलेला असे. उभ्या माणसाच्या पायांमागे नीट बघा, कधी कधी त्या टेकूचं बूड दिसतं. हसू इतका वेळ धरून ठेवून पाहा, मग कळेल.

पण मला हे कारण अर्धंच वाटतं. दरबारात बसलेला राजा हसत नाही. आपल्याकडच्या लघुचित्रांतही राजे हसत नाहीत. ज्याला फोटो म्हणजे दरबाराचाच एक तुकडा वाटत होता, तो तिथे हसेल कशाला?

आमच्या पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळं का दिसतं? ती विधवा होती का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि एका घरात तर यावरून भांडण झालेलं मी ऐकलंय. उत्तर रसायनात आहे.

कोलोडियनला आणि नंतर आलेल्या सुरुवातीच्या कोरड्या प्लेटलाही (आधीच रसायन लावून वाळवलेली काच) प्रकाशातला फक्त निळा-जांभळा भाग नीट 'दिसत' असे. तांबडा आणि पिवळा रंग त्यांना जवळजवळ अंधारासारखाच. म्हणून कुंकू काळं येतं. लाल पुणेरी पगडी काळी येते. शेंदरी फेटा काळा, हळदीचा मळवट गडद, पान खाऊन रंगलेले ओठ काळेकुट्ट. उलट निळं लुगडं पांढुरकं दिसतं आणि निळं आकाश तर कोऱ्या कागदासारखं येतं. नीलमणी फिका, माणिक काळं. काळ्या-पांढऱ्या फोटोवरून 'महाराजांनी काळी पगडी घातली होती' असं लिहिणारे लेखक आजही सापडतात. ती पगडी बहुधा लाल होती.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. आपला गव्हाळ वर्ण तांबूस-पिवळ्याकडे झुकणारा असल्यामुळे माणूस होता त्यापेक्षा सावळा दिसतो. फोटो बघून पूर्वजांच्या रंगावर मतं बनवू नका. कपाळावर काहीच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. काळा ठिपका दिसतोय ना? मग कुंकू आहे.

राजेरजवाड्यांना फोटोचं एवढं आकर्षण का होतं?

आकर्षण होतंच, पण गरजही होती. १८५७ नंतर संस्थानिकांच्या हातात युद्ध आणि तह राहिले नाहीत. उरला तो मान. कुणाला किती तोफांची सलामी, कुणाची खुर्ची रेसिडेंटच्या, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, कुठल्या बाजूला, व्हाइसरॉय स्वागताला किती पावलं पुढे येणार, यावर पत्रव्यवहाराचे गठ्ठे होत. हैदराबाद, म्हैसूर आणि बडोदा २१ तोफांचे, कोल्हापूर १९ चं. हा मान तोफांच्या आवाजात काही क्षण ऐकू येई आणि विरून जाई. फोटोत तो कायमचा राही.

म्हणून दरबारी ग्रुप फोटो बघताना चेहऱ्यांआधी खुर्च्या बघा. मध्ये कोण, त्याच्या उजव्या हाताला कोण, कोण बसलंय, कोण उभं आहे, कुणाला खुर्ची नसून गालिचा मिळालाय. गादी-लोडावर बसणारा राजा खुर्चीवर कधी आला हेही यातून कळतं. मांडी घालून बसायची सवय असलेल्या माणसाचे पाय खुर्चीवरून खाली सोडले की कुठे ठेवायचे हे त्याला कळेनासं होतं, आणि तो अवघडलेपणा फोटोत पकडला जातो. १८६०-७० च्या दशकांतल्या फोटोंत तो फार दिसतो. त्यांच्या मुलांच्या फोटोंत मात्र पायावर पाय टाकून बसलेले तरुण भेटतात. एका पिढीत शरीराची सवय बदलली.

बडोद्याचं उदाहरण घ्या. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं गेलं आणि मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला, तेच पुढचे सयाजीराव. त्याच हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्सचा दौरा झाला. काही महिन्यांपूर्वी गुरं राखणाऱ्या वयाचा मुलगा आता हिऱ्यामोत्यांनी मढून कॅमेऱ्यासमोर होता. लहानपणीच्या त्यांच्या फोटोंत चेहऱ्यापेक्षा दागिने मोठे दिसतात. 'हाच आता गायकवाड' हे सरदारांना, प्रजेला आणि लंडनला पटवायचं तर जामदारखाना, म्हणजे दागिन्यांचा खजिना, अंगावर चढवण्यावाचून इलाज नव्हता.

शिवाय फोटोंची देवघेव चाले. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने 'कार्ट द व्हिजिट'चं पेटंट घेतलं. पत्त्याच्या पानाएवढा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा फोटो. तो स्वस्त पडे, ढिगाने छापता येई, भेटीत देता येई आणि आल्बममध्ये लावता येई. एकाच आल्बममध्ये राणी व्हिक्टोरिया, एखादा नबाब, मुंबईचा गव्हर्नर आणि मालकाचा मेहुणा असे शेजारी शेजारी बसलेले मी पाहिले आहेत.

राजा दीनदयाळ कोण? ते खरंच राजे होते का?

किताबाने राजे, जन्माने मेरठजवळच्या सरधन्याच्या जैन कुटुंबातले. जन्म १८४४ चा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकून १८६६ मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारा हा माणूस १८७० च्या दशकात हौस म्हणून फोटो काढू लागला. त्याला पाठबळ दिलं ते सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्याने आणि इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी. एका मराठी संस्थानाच्या आश्रयाने या कारकिर्दीची सुरुवात झाली, हे आपण सहसा विसरतो.

पुढे सरकारी नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ हाच धंदा धरला. १८८० च्या दशकाच्या मध्याला सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं आणि नंतर 'राजा मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. निजाम स्वतः शायर. त्यांनी दीनदयाळांच्या स्तुतीत उर्दू शेर रचल्याचं सांगतात. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६ पासून मुंबई असे त्यांचे स्टुडिओ होते. राणी व्हिक्टोरियाच्या फोटोग्राफरचा सनदी मानही त्यांना मिळाला.

त्यांचं वेगळेपण कशात? माझ्या मते त्यांच्या अभियंत्याच्या नजरेत. शेकडो माणसांचा शिकारीचा किंवा मेजवानीचा फोटो असला तरी त्यात कुठेही गर्दी वाटत नाही. प्रत्येकाला जागा आहे, हत्तीलाही. आणि त्यांना दोन्ही बाजूंची रीत ठाऊक होती. निजामाला कसं बसवायचं हे इंग्रज फोटोग्राफरला शिकावं लागे आणि व्हाइसरॉयला काय आवडेल हे देशी चित्रकाराला. दीनदयाळांना दोन्ही येत होतं. १९०५ मध्ये ते वारले. धंद्याची घडी त्यानंतर विसकटली, पण हजारो निगेटिव्ह वाचल्या.

कुणी राजे स्वतः फोटो काढायचे का?

जयपूरचे सवाई रामसिंह (दुसरे) तर झपाटलेले होते. १८८० मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तोवरची वीसेक वर्षं ते काढतच राहिले. महालात फोटोखाना, हजारभराहून जास्त काचेच्या निगेटिव्ह, आणि विषय म्हणजे पंडित, पाहुणे, नोकरचाकर, जनानखान्यातल्या बायका आणि स्वतः. एका फोटोत ते राजपुत वेशात, एकात इंग्रजी कोटात, तर एकात भस्म लावलेल्या शिवभक्ताच्या रूपात. आपण कोण आहोत हे कॅमेऱ्यापुढे असं वेगवेगळ्या वेशांत तपासून पाहणारा राजा मला तरी दुसरा सापडलेला नाही.

त्रिपुराचे वीरचंद्र माणिक्य हे दुसरे. त्यांनी १८८० च्या सुमारास राणी मनमोहिनीला जवळ घेऊन स्वतःच टिपलेला फोटो अलीकडे 'भारतातला पहिला सेल्फी' म्हणून समाजमाध्यमांवर फिरत असतो. पहिला का कितवा या वादात न पडता तो फोटो जरूर बघा. राजाचा हात राणीच्या खांद्याभोवती आहे. त्या काळच्या शेकडो जोडप्यांच्या फोटोंत इतकी जवळीक क्वचितच दिसते. दुसऱ्या कुणी कॅमेरा धरला असता तर तिथेही ती दिसली नसती.

पडदा पाळणाऱ्या बायकांचे फोटो कसे निघायचे?

बरेचदा निघतच नसत. नवऱ्याचा फोटो आहे, मुलांचा आहे, घोड्याचाही आहे, बाईचा नाही, अशी घरं पुष्कळ.

मार्ग निघाले ते हळूहळू. हैदराबादला दीनदयाळांनी १८९२ मध्ये खास जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत कारभार केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती. कलकत्त्यात सरोजिनी घोष यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस महिला आर्ट स्टुडिओ काढला. जयपूरला तर राजाच फोटोग्राफर, म्हणून जनानखान्याचं दार आतूनच उघडलं. पण रामसिंहांच्या त्या फोटोंतल्या बायकांची नावं मात्र नोंदलेली नाहीत. चेहरा पडद्याबाहेर आला, नाव आतच राहिलं.

अवधमध्ये १८५७ च्या आधीच अहमद अली खान यांनी नबाब वाजिद अली शाहच्या घराण्यातल्या बेगमांचे फोटो काढले होते. तेव्हा 'पडदा होता म्हणून फोटो नाहीत' हे सरसकट विधानही टिकत नाही. कोण काढतंय आणि कोण बघणार, यावर सगळं अवलंबून होतं.

मराठी बाईचा त्या काळचा सर्वांत गाजलेला फोटो दरबारातला नाहीच. तो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियाचा आहे. आनंदीबाई जोशी, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशी पोशाखात. तिघींची नावंही आपल्याला माहीत आहेत.

फोटो रंगवलेले का असतात? तो रंग खरा मानायचा का?

लघुचित्रं काढणाऱ्या चितारी घराण्यांचं काम फोटोमुळे कमी झालं, तेव्हा त्यांतले बरेच जण स्टुडिओत रंगाऱ्याचं काम करू लागले. खाली फिकट छापलेला फोटो, वर जलरंग किंवा तैलरंग. कधी चेहरा तेवढा फोटोचा आणि बाकी सगळं कुंचल्याचं. नाथद्वाऱ्याला तर श्रीनाथजीच्या चित्रात यजमान कुटुंबाचे चेहरे फोटोतून कापून चिकटवायची पद्धतच पडली.

पगडीचा रंग साधारण विश्वासार्ह, कारण गिऱ्हाईक समोर बसून तक्रार करू शकत होतं. गालिचा, पडदा, आकाश यांच्यावर अजिबात विसंबू नका. आणि मोत्यांची जास्तीची एखादी माळ घालणं रंगाऱ्याच्या हातचा मळ होता.

झाशीच्या राणीचा तो फोटो खरा आहे का?

सिद्ध झालेला असा राणी लक्ष्मीबाईंचा एकही फोटो नाही. जो दर काही महिन्यांनी फिरत येतो, त्याखाली '१८५०, फोटोग्राफर हॉफमन' असं लिहिलेलं असतं. १८५० मध्ये ओल्या कोलोडियनचा शोधही लागलेला नव्हता, आणि कलकत्त्याची जॉन्स्टन अँड हॉफमन ही नामांकित कंपनी १८८० च्या दशकातली. राणी १८५८ मध्ये धारातीर्थी पडल्या. बाकी हिशोब तुम्हीच करा. फोटो फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हे सांगून पाहिलं, त्यांनी मला देशद्रोही ठरवलं.

आणि नानासाहेब पेशव्यांचा?

१८५७ मध्ये विलायतेच्या छापील पत्रांना नानासाहेबांचा चेहरा हवाच होता. तिकडे त्यांच्या नावाने जे चित्र छापलं गेलं ते मुळात मेरठच्या एका धनाढ्य कंत्राटदाराचं होतं, असा किस्सा जॉन लँग या वकिलाने लिहून ठेवला आहे. हा तोच लँग, जो १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंना भेटायला झाशीला गेला होता. विलायतेतल्या वाचकाला पगडी, दागिने आणि मिशा दिसल्या की पुरे होतं.

फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं लोक खरंच मानत?

मानत. दादासाहेब फाळके चित्रपटांत येण्याआधी बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला. नंतर बडोद्यात त्यांचा हा धंदा बसला, त्याला असल्या समजुतींचा हातभार होता. वरच्या वर्गातली मंडळीही यातून सुटली नव्हती. इंग्रजी शिकलेला दिवाण आधी फोटो काढून घेई आणि मग घरी दृष्ट काढून घेई. यात विसंगती कुणालाच वाटत नसे.

श्रीमंतांचे फोटो आणि 'जातीजमातींचे' फोटो यांत फरक काय?

यंत्र एकच, रसायन एकच, कित्येकदा फोटोग्राफरही एकच. फरक खालच्या ओळीत.

१८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. साडेचारशेहून अधिक फोटो. त्यांत पुष्कळ माणसांखाली नाव नाही, जात आहे. त्याआधी मुंबईत विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये अशाच फोटोंचे दोन खंड केले, दुसरा महाराष्ट्राचा. त्याची करामत अशी की माणसं स्टुडिओत उभी करून फोटो घ्यायचा, मग त्यांच्या आकृत्या मुंबईच्या एखाद्या देखाव्यावर जोडायच्या. त्यामुळे पाठारे प्रभू, पारशी, भाटिये अशी मंडळी कधी न गेलेल्या ठिकाणी उभी दिसतात. पायांखालची सावली आणि मागच्या इमारतीची सावली वेगळ्या दिशांना पडलेली पाहिली की चोरी पकडली जाते.

गंमत म्हणजे जॉन्सनचा आधीचा मासिक आल्बम निघत होता तेव्हा त्यात नारायण दाजींचेही फोटो होते. स्वतः डॉक्टर असलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या भारतीयाने काढलेली 'नमुन्यांची' छायाचित्रं. कॅमेऱ्यामागे एतद्देशीय माणूस उभा राहिला म्हणून नजर आपोआप बदलली, असं समजू नका. वरच्या वर्गाची खालच्या वर्गाकडे बघायची नजर आपली आपल्याकडे होतीच.

घरात सापडलेला फोटो कोणत्या काळातला हे कसं ओळखू?

आधी मागची बाजू बघा. स्टुडिओचं नाव, पत्ता, पदकं, 'अमुक महाराजांचे फोटोग्राफर' ही बिरुदं तिथे छापलेली असतात, आणि कुठल्या वर्षी स्टुडिओ त्या पत्त्यावर होता हे बरेचदा शोधता येतं. गोव्याकडच्या घरांत पणजीच्या सौझा अँड पॉल यांचा शिक्का मिळू शकतो, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा.

मग पुठ्ठा. पातळ पुठ्ठा, चौकोनी कोपरे, फोटो पत्त्याच्या पानाएवढा असेल तर साधारण १८६० चं दशक. जाड पुठ्ठा, गोल कोपरे, सोनेरी कडा असतील तर १८८० नंतरचा. पोस्टकार्डाहून थोडा मोठा 'कॅबिनेट' आकार १८६६ नंतर आला. कागद पातळ, चकचकीत, पिवळसर-तपकिरी असेल तर तो अल्ब्युमेन. काळा-पांढरा, थंड रंगाचा आणि गडद भागावर आरशासारखी चांदी चढलेला असेल तर तो नंतरच्या, जिलेटिनचा थर दिलेल्या कागदावरचा.

तलवार उजव्या कमरेला दिसत असेल तर पूर्वज डावरे होते असा निष्कर्ष काढू नका. अगदी सुरुवातीच्या धातूच्या पत्र्यावरच्या किंवा काचेवरच्या फोटोंत डावं-उजवं उलटं येतं.

फोटो साफ कसा करू?

करू नका. पाणी, स्पिरिट, खोडरबर, काही नाही. पुठ्ठ्यावरून सोडवू नका, प्लास्टिकच्या चिकट आल्बममध्ये घालू नका, कोकणात असाल तर बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. मऊ ब्रशने धूळ उडवा, चांगला फोटो काढून घ्या आणि मूळ प्रत आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. मागे पेनने नावं लिहू नका. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा. पण लिहा.

हे फोटो प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील?

दीनदयाळांच्या निगेटिव्हचा मोठा साठा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. रामसिंहांचं काम जयपूरच्या सिटी पॅलेस संग्रहालयात. हैदराबादला चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामांचे फोटो मांडलेले आहेत. दिल्लीचं अल्काझी फाउंडेशन आणि बंगळुरूचं कला व छायाचित्र संग्रहालय यांचे संग्रह मोठे आहेत आणि त्यांतलं बरंचसं इंटरनेटवरही दिसतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत काय नाही, असंच विचारायचं. कलकत्त्याचा बोर्न अँड शेफर्ड हा स्टुडिओ मात्र आता बघता येणार नाही. १९९१ च्या आगीत त्याचा बराच ठेवा जळाला आणि २०१६ मध्ये तो कायमचा बंद झाला.

महाराजांच्या मागे उभा असलेला तो माणूस कोण?

खूप उशिरा का होईना, हा प्रश्न विचारणारे आता भेटू लागले आहेत. चवरी ढाळणारा, हुक्क्याची नळी धरणारा, छत्री धरणारा, घोड्याचा लगाम धरून उभा असलेला. फोटोखालच्या यादीत त्याचं नाव नसतं. पण त्याचा चेहरा बहुतेक वेळा स्पष्ट येतो, कारण तासन्तास न हलता उभं राहणं हेच त्याचं काम होतं. महाराज कंटाळून हलतात, त्यांची पोरं हलतात, घोड्याचं शेपूट हलतं आणि सगळं पुसट होतं. हा मात्र मिशीच्या केसापर्यंत लख्ख.

माझ्याकडच्या एका फोटोत असा एक चवरीवाला आहे. समोरच्या सरदारांचं नाव, गाव, किताब सगळं पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत आहे, पण ते ऐन वेळी हलले असावेत. त्यांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट गोळा उरलाय.